दात्याचा पुतळा आणि निराधाराची चूल

लंडनच्या शोरडिच भागात, किंग्जलँड रोडवर, १७१४ साली उभारलेली विटांच्या घरांची एक रांग आहे. बागेला तीन बाजूंनी कवेत घेणारी चौदा घरे, मध्यभागी प्रार्थनामंदिर, आणि त्याच्या दारावरील कोनाड्यात दाते सर रॉबर्ट जेफ्री यांचा पुतळा. आज ही वास्तू ‘म्युझियम ऑफ द होम’ या नावाने ओळखली जाते. अशा वास्तूला मराठीत नेमका शब्द नाही. धर्मशाळा वाटसरूची, तेथील मुक्काम चार दिवसांचा. येथे मात्र निराधार वृद्धांना अखेरपर्यंत निवारा मिळे.

या वास्तूचे मर्म तिच्या दर्शनी भागात नसून अंतर्रचनेत आहे. प्रत्येक घरात चार खोल्या, आणि प्रत्येक खोलीला स्वतःची चूल. १८३४ च्या कायद्यानंतर इंग्लंडच्या कामघरांत दरिद्री पती-पत्नींनाही विलग ठेवले जाई. त्या तुलनेत स्वतःचे दार लावून घेण्याचा आणि स्वतःची चूल पेटवण्याचा येथील अधिकार केवढा मोठा! याचकाचे याचकपण विसरायला लावणारी ही रचना होती.

परंतु या चुलीमागे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा आहे. लोखंड-व्यापाऱ्यांच्या संघाचे प्रमुख आणि १६८५ साली लंडनचे महापौर झालेले जेफ्री यांच्या संपत्तीचा काही अंश आफ्रिकी गुलामांच्या व्यापारातून आला होता. २०२० साली पुतळा हटवावा की नाही, यावर लोकमत घेण्यात आले. बहुसंख्यांचा कौल हटवण्याकडे होता. विश्वस्तांनी तो ठेवला.

आपल्या धर्मशास्त्राने दानाची व्याख्या स्वत्वाच्या त्यागाने केली आहे. तिच्यात दोन अटी अनुस्यूत आहेत. दिलेली वस्तू आधी दात्याची असली पाहिजे, आणि नंतर ती त्याची उरता कामा नये. पुतळा या दोन्ही अटींना छेद देतो. जे माणसे विकून मिळवले, ते न्यायतः मिळवणाऱ्याचे नव्हते. आणि जे दिले, त्यावरील नाव मात्र त्याने सोडले नाही.

म्हणून दान व्यर्थ ठरते काय? हिवाळ्यात चुलीपाशी बसलेल्या वृद्धेची ऊब खोटी नव्हती. तिचे सुख आणि गुलामांचे दुःख यांची वजावट मांडता येत नाही, कारण ही खाती एकाच माणसाची नाहीत. एकाचे भले केल्याने दुसऱ्याचे ऋण फिटत नसते. पुतळा राहिला वा गेला, तरी ते ऋण उरतेच. १९१४ पासून ही घरे संग्रहालय आहेत; तेथील निवासी त्याआधीच अन्यत्र हलवले गेले. रिकाम्या खोल्यांतून फिरणाऱ्याने आता पुतळ्याकडे पाहताना, ज्यांना तेथे ना चूल मिळाली ना कोनाडा, त्यांचीही आठवण ठेवावी, एवढे तरी न्यायाचे आहे.