पाण्याकाठचा आनंद

दसरा आटोपला होता. आंबिया बहाराच्या संत्र्यांना नुकता कुठे रंग धरू लागला होता. नागपूरला नोकरीत असलेला मुलगा गाडी घेऊन घरी आला आणि नातीने हट्ट धरला, 'समुद्र दाखवा!' आम्हा सावरगावकरांना समुद्र कुठला? आमच्या वाट्याला जाम नदी. तिच्या पैलतीरी पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकतात आणि उरलेले वर्षभर एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसतात. समुद्र नाही तर नाही, निदान पेंचचे पाणी तरी दाखवू, असे ठरले.

सावनेर, खापा, पारशिवनी करत आम्ही नवेगाव खैरीच्या धरणाकडे गेलो. धरणामागचे पाणी कोलितमाऱ्याच्या बाजूने टेकड्यांच्या कुशीत शिरले आहे. एका वळणावर गाडी थांबवली. समोर पाण्याचा एक शांत कोपरा होता. त्याच्या तिन्ही बाजूंना सागाचे रान. पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या खोडावर पाणकावळा पंख पसरून उन्हात बसलेला. कुणी बोलेना. सूनबाईंनी डबा उघडला तोही आवाज न करता. असे क्षण आयुष्यात मोजके असतात.

जवळच बकऱ्या राखणारा एक म्हातारा उभा होता. आम्ही त्याला चहा दिला. तो म्हणाला, "चांगलं दिसते ना, भाऊ? त्या तिथं आमचं वावर होतं. तूर मस्त व्हायची." बस्स, एवढेच. आवाजात तक्रार नव्हती. लगेच त्याने गाडी किती ॲव्हरेज देते ते विचारले. पण परतीच्या वाटेवर नातीने मला विचारले, "आजोबा, त्यांच्या वावरावरच्या पाण्याकडे पाहून आपण खूश झालो, ते त्यांना चाललं का?"

मी चाळीस वर्षे शिक्षकी केली. या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते.

वाचकहो, या पाण्याचा थोडा हिशेब मांडू. थोडे वर गेले की तोतलाडोहचा मोठा जलाशय लागतो. तो सुमारे 72 चौरस किलोमीटरचा. त्यातला 54 आमच्या मध्यप्रदेशात, उरलेला महाराष्ट्रात. 1956 साली भाषेच्या नावाने आखलेली सीमा पाण्याने पुसून टाकली आहे. तिथले 160 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र दोन्ही राज्यांचे आहे. नागपूरच्या नळाला पेंचचेच पाणी येते, म्हणजे माझी नात रोज हेच पाणी पिते. तेव्हा आपण केवळ प्रेक्षक आहोत हे म्हणणे खरे नव्हे. आपण भागीदार आहोत.

याच जलाशयावर एक खटला झाला. 1996 साली मध्यप्रदेश शासनाने राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून उठवलेल्या 305 आदिवासींना मासेमारीचे परवाने दिले. पर्यावरणवादी न्यायालयात गेले. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने परवाने कायम ठेवले, पण अटी घातल्या : काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही. अटी वाजवीच होत्या. वाघाला शांतता हवी, हे मला मान्य आहे. प्रत्येकाने जाळे टाकले तर उद्या मासाही उरायचा नाही आणि रानही. तरी मनात येते : ज्याचे गाव गेले त्याला काठावर भाकर भाजायची मनाई, आणि आम्ही मात्र डबा सोडून बसलो.

मग काय करावे? सुंदर दिसणारे पाणी पाहून डोळे मिटून घ्यावेत? त्याने म्हाताऱ्याचे वावर वर येत नाही. अपराधी वाटून घेणे सोपे आहे. घरी येऊन झोपले की ते ओसरते. शिवाय ते खरेही नाही. धरण मी बांधले नाही, त्याला मी उठवले नाही. दोष करणाऱ्याचा असतो.

पण ऋणाचे तसे नाही. ऋण लाभ घेणाऱ्यावर असते, त्याने काही वाईट केलेले असो वा नसो. बापाने काढलेले कर्ज मुलगा फेडतो, ते काही तो गुन्हेगार असतो म्हणून नव्हे. घरात तोही राहतो म्हणून. दोष आणि ऋण यांची आपण गल्लत करतो. 'माझा काय दोष?' असे म्हणून हात झटकतो, आणि दोषाबरोबर ऋणही झटकून टाकतो.

हे ऋण पैशाने पुरते फिटणारे नाही. पण निदान ते मान्य करता येते. पाणी पाहताना खालचे वावरही सांगावे, मुलांना तर आवर्जून. काठावर आपला कचरा ठेवू नये, कारण ज्यांचा हक्क आपल्याहून जुना, त्यांच्यावरही तीच अट घातली गेली होती. आणि तिसरे, सर्वांत अवघड : पुढचे धरण येते तेव्हा गप्प बसू नये. पुढे याच पेंचवर माचागोऱ्यालाही धरण झाले, तेही छिंदवाडा जिल्ह्यात. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा होईपर्यंत आमचाच तो जिल्हा. तेव्हा उठणाऱ्या गावांसाठी आमच्यापैकी किती जणांनी साधी विचारपूस केली? मी तरी केली नाही. ते कर्ज माझ्या नावावर आहे.

नातीला मी शेवटी एवढेच सांगितले, "त्यांना चाललं की नाही ते मी कसं सांगू? पुढच्या वेळी आपण त्यांनाच विचारू." तिने लगेच विचारले, "कधी जायचं?" दिवाळीनंतर जायचे ठरले आहे. या खेपेला डबा थोडा मोठा न्यावा म्हणतो.