फायदा गावाचा, त्रास एका घराचा



एखाद्या वाडीतल्या जुन्या वडावर किंवा आंब्यावर वटवाघळांची वस्ती झाली की वाडीत हमखास दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, झाड तोडा, नाहीतर फटाके लावून ही पीडा घालवा. दुसरा म्हणतो, मुक्या जिवांना कशाला त्रास द्यायचा, देवानेच निर्माण केली आहेत ना ती! कोरोनाच्या साथीनंतर पहिल्या पक्षाचा आवाज वाढला आहे. विचारणाऱ्याला आमच्याकडून 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर हवे असते. पण हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. ज्याच्यापासून अपाय होऊ शकतो अशा शेजाऱ्याशी कसे वागावे आणि त्या वागण्याची किंमत कोणी मोजावी, असा हा नीतीचा प्रश्न आहे. म्हणून आज त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम या शेजाऱ्याची ओळख करून घेऊ. वटवाघूळ हा पक्षी नव्हे. ते पिलाला दूध पाजणारे, खऱ्या अर्थाने उडू शकणारे एकमेव सस्तन प्राणी आहे. भारतात त्यांच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. पंख पसरल्यावर चार फूट भरणारी, झाडाला उलटी लटकणारी मोठी वाघळे फळे खातात. कौलांच्या फटीत राहणारी, काही ग्रॅम वजनाची लहान जात किडे खाते. मोठ्या वाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिलू देते. त्यामुळे एक वस्ती उठवली तर ती भरून निघायला बरीच वर्षे लागतात.

त्यांचे उपकार आपल्या डोळ्यांसमोर आहेत, पण दिसत नाहीत, कारण ते रात्री घडतात. किनाऱ्यावरच्या उंडीच्या फळाचा पातळ गर वाघळे खातात आणि टणक बी दूर नेऊन टाकतात. याच बियांच्या कडू तेलावर आपल्या पूर्वजांनी दिवे लावले आणि होड्यांची लाकडे जपली. काजूचे बोंड ती तोडून दुसऱ्या झाडावर नेतात, रस चोखतात आणि बी खाली पडते. रात्री उमलणाऱ्या कित्येक फुलांचे परागीभवन तीच करतात. लहान वटवाघळे रात्रभर किडे टिपतात, त्यांत पिकांवरच्या किडीही असतात.

हे उपकार थांबले तर काय होते, हे अमेरिकेत दिसले. २००६ सालापासून तेथे एका बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळे मेली. त्या भागांचा अभ्यास २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वटवाघळे गेल्यावर शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला आणि त्या जिल्ह्यांत अर्भकांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले, असे त्यात आढळले. ज्या बाळांनी वटवाघूळ कधी पाहिलेही नव्हते, त्यांनी ही किंमत मोजली.

आता दुसरी बाजू. भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१८ च्या मे महिन्यात केरळातील कोळिकोड परिसरात निपाह विषाणूने १७ जणांचा बळी घेतला. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी यांनीही त्यात प्राण दिला. या विषाणूचे मूळ घर फळे खाणारी वटवाघळे आहेत. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांतील काहींत निपाहच्या खुणा सापडल्या. महाराष्ट्रात माणसांमध्ये या रोगाची साथ झालेली नाही, पण सावध राहायला एवढे पुरे आहे.

मग सगळी मारून टाकली तर? युगांडामधील किटाका खाणीत तसेच केले गेले. २००७ साली तेथील कामगारांना वटवाघळांपासून मारबर्ग नावाचा रोग झाला, म्हणून खाणीतली हजारो वटवाघळे मारली. काही वर्षांनी नवी वटवाघळे तेथे येऊन राहिली आणि त्यांच्यात विषाणूचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक निघाले. आपल्या घरात रोग येतो तो बहुधा अंतर मोडल्यामुळे. त्यांनी उष्टावलेले फळ खाल्ले, उघड्या मडक्यातला रस प्यायला, किंवा त्यांना हातात धरले, की अंतर मोडते. लेवीयच्या पुस्तकात वटवाघूळ खाऊ नये असे सांगितले आहे, त्याचा नायनाट करा असे कोठेही सांगितलेले नाही. अंतर राखणे आणि वैर धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला विवेक म्हणतात, आणि संत थॉमस अक्विनास यांनी नैतिक सद्गुणांत विवेकालाच पहिले स्थान दिले आहे.

हा विवेक घरात कसा पाळावा? मे महिन्यात किंवा नाताळात आपले चाकरमानी गावी येतात आणि वर्षभर बंद असलेले घर उघडतात. माळ्यावर लेंड्यांचा थर असतो. तो कोरडा झाडू नये. जुन्या लेंड्यांत वाढणारी बुरशी धुळीबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. खिडक्या उघडाव्यात, पाणी शिंपडून थर भिजवावा, तोंडाला मास्क आणि हाताला मोजे घालावेत, मुलांना आणि दमेकऱ्यांना दूर ठेवावे. कौलांच्या फटी बुजवायच्या असतील तर आत पिल्ले नाहीत याची खात्री करून, संध्याकाळी वटवाघळे बाहेर पडल्यावर बुजवाव्यात. झाडाखाली पडलेले, दातांच्या खुणा असलेले फळ मुलांना देऊ नये. इतर फळे धुऊन, साल काढून खावीत. काजूच्या बिया गोळा केल्यावर हात साबणाने धुवावेत. माडीचे मडके झाकावे. बांगलादेशात खजुराचा रस वटवाघळांनी उष्टावल्याने निपाह माणसांत आला आणि तेथे मडक्याभोवती बांबूची झापडे लावण्याचा उपाय सुचवला गेला. बाव आणि टाकी यांवर झाकण किंवा जाळी असावी. खाली पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. चावले किंवा ओरखडले तर जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दम्यावर औषध म्हणून त्याचे मांस खाण्याची समजूत तर पूर्णपणे सोडून द्यावी.

एवढे केले तर धोका बराच कमी होतो. पण आमचा मूळ प्रश्न अजून बाकी आहे, आणि दोन्ही पक्ष तेथेच चुकतात असे आम्हाला वाटते.

थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता, वटवाघूळ असणे म्हणजे नेमके काय असते? त्याचे म्हणणे असे की, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट शोधणाऱ्या या प्राण्याच्या शरीराची सगळी माहिती मिळाली, तरी त्याला जग कसे जाणवते हे आपल्याला आतून कधीच कळणार नाही. हे मान्य करू. पण वटवाघळांच्या झाडाखाली राहणाऱ्या बाईचे जगणे कसे असते, हे आपल्याला कळू शकते. त्यासाठी तत्त्वज्ञान लागत नाही, तिच्या खळ्यात जाऊन उभे राहिले की पुरे. रोज सकाळी खळे घाण झालेले असते. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. चिकू पिकण्याआधीच जातात. पहाटे परतणाऱ्या वाघळांच्या कलकलाटाने म्हाताऱ्या माणसांची झोप मोडते. ज्याचे जळते त्याला कळते.

फायदा सगळ्या गावाला होतो, त्रास मात्र एका घराच्या वाट्याला येतो. दूर राहून 'मुक्या जिवांवर दया करा' म्हणणारा स्वतःच्या दयेचे बिल त्या घरावर फाडतो. 'झाड तोडा' म्हणणारा हेच बिल न दिसणाऱ्या लोकांवर फाडतो. ते उद्याच्या फवारणीवर, पुढच्या पिढीच्या उजाड रानावर आणि अमेरिकेतल्या त्या बाळांसारख्या कोणावर तरी पडते. दोघांचाही न्याय दुसऱ्याच्या खिशातून होतो. ज्या दयेची झळ आपल्याला लागत नाही, ती अजून दया झालेली नाही.

कायद्यानेही येथे एक पाऊल टाकले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. पण कायदा झाडाखालचे खळे धुऊन देत नाही. ते काम शेजाऱ्यांचे आहे. तामिळनाडूतील काही गावांत वटवाघळे बिथरू नयेत म्हणून सारे गाव दिवाळीचे फटाके सोडून देते. तेथे झळ एका घराला न लागता सगळ्यांनी थोडी थोडी वाटून घेतली आहे.

तेव्हा, बंधुभगिनींनो, झाड राखायचे असे ठरवणाऱ्या वाडीने त्या झाडाखालच्या घरासाठी काय करणार हेही त्याच बैठकीत ठरवावे. बावीला जाळी, पडवीला ताडपत्री, चिकूच्या एका-दोन झाडांना जाळे, धोकादायक झालेली फांदी वस्ती हलेल अशा बेताने छाटणे, एवढा खर्च दहा घरांत वाटला तर कोणालाच जड नाही. आपल्या धर्मग्रामात ज्यांच्या घराला असा त्रास आहे, त्यांनी मिस्सानंतर संकोच न करता आम्हाला सांगावे. नाताळापूर्वी बंद घरांचे माळे साफ करताना एकट्या राहणाऱ्या वृद्धांना युवकांनी मदत करावी, ही विनंती. येताना मास्क आणि हातमोजे विसरू नयेत.

आपले,
धर्मगुरू