मुक्ताचा प्रश्न कोणाचा?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या 14 वर्षांच्या मांग मुलीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला ग्रंथ उरला नाही, मग आम्हाला धर्मही नाही का, असे ती विचारते. पुढे ती देवाकडेच मागणे करते, की सर्वांना सारखा अनुभवता येईल असा तुझा धर्म कोणता, ते आम्हाला कळव. माणसाचे ‘मीपण’ त्याचे स्वतःचे की त्याला घडवणाऱ्यांचे, हा जुना वाद या निबंधाच्या कसोटीवर लावून पाहावा असे मला वाटते. घर, जात, शाळा, शिक्षक हे सगळे त्यात दिसते, आणि तरीही तो दुसऱ्या कोणी लिहिला असता असे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. जेमतेम तीन वर्षे शिकलेली मुलगी हे कुठून आणणार? फुल्यांची शिकवण आणि ‘ज्ञानोदय’ चालवणाऱ्या अमेरिकन मिशनचा विचारच तिच्या तोंडून बोलत असणार. शिक्षणाचा ठसा तिच्या लिखाणावर आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडी, पाऊस आणि वारा तिला सोसावा लागतो, हे दुःख ती ज्या जवळिकीने मांडते ते पाठांतराने येत नाही. ते आया-बहिणींच्या सहवासातून आलेले आहे. शाळेने तिला या दुःखाचे कारण विचारायला शिकवले. दुःख मात्र वस्तीतले होते. शिवाय मिशनला हवे असलेले उत्तर, म्हणजे धर्मांतर, ती त्या मागण्यात देत नाही. ती प्रश्न उघडा ठेवते. शिकवलेल्याच्या पुढे एक पाऊल टाकलेले इथे दिसते, आणि माझ्या मते तिची ओळख त्या पावलातच आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. माणूस परिस्थितीतूनच घडत असेल, तर त्याच्या विचाराचे श्रेय किंवा कृतीची जबाबदारी कोणाची? बौद्ध विचाराने याला फार पूर्वी तोंड दिले. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात नागसेन हा भिक्षू मिलिंद राजाला दाखवतो, की सुटे चाक किंवा आस म्हणजे रथ नव्हे, आणि त्यांच्यावेगळा रथही नाही. तसाच अनेक कारणांच्या आधाराने ‘मी’ उभा राहतो, असे मानले तरी कर्माचे मोल कमी होत नाही, कारण आजचे कर्म हेही उद्याचे एक कारण असते. हे मला पटते. एकाच शाळेत, एकाच वस्तीतून अनेक मुली येतात. साऱ्यांना मिळालेले सारखे असले तरी त्याचे काय करायचे हे प्रत्येकीने वेगळे ठरवलेले असते.

म्हणून तरुणांना ‘स्वतःला शोधा’ म्हणणारा आजचा उपदेश मला अपुरा वाटतो. शोधायला आत आधीपासून तयार काही बसलेले नसते. मुक्ताला वाचता आले, कोणी तिचे ऐकून घेतले आणि छापले, तेव्हा तिला ‘आम्ही’ म्हणता आले. निबंधाच्या शेवटी ती आपल्या लोकांकडेच वळते. दारिद्र्याने आणि दुःखाने पिडलेल्या मांग-महारांनो, तुम्ही रोगी आहात, तेव्हा ज्ञानाचे औषध घ्या, असे ती त्यांना कळकळीने सांगते.