विनोदकाराचे घर

सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा काही वाचक दुखावले. पु. ल. देशपांडे घरातही ‘पु. ल.’च असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. ग्रंथात भेटला तो व्यवहाराबाबत उदासीन, पत्नीवर विसंबलेला नवरा. पण यात फसवणूक कसली? ‘बटाट्याची चाळ’मधली सारी माणसे एकट्याने रंगमंचावर उभी करणे हे कष्टाचे काम. गवयाने जेवतानाही गावे असे कोणी म्हणत नाही. विनोदकाराकडून मात्र अष्टौप्रहर हास्याची अपेक्षा! त्याचा मौनाचा हक्क मान्य करावाच. मात्र ते मौन ज्या घरात उतरते, तेथल्या दुसऱ्या माणसाचा बोलण्याचा हक्कही मग नाकारता येत नाही. सुनीताबाईंनी तो पु. ल. हयात असतानाच बजावला.