फांदीचे कुंपण: छाटणीतली हिंसा आणि अहिंसा

झाडाची छाटणी ही हिंसा की सेवा, याची मराठीतली सर्वांत कडक कसोटी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगावच्या शेजारच्या तालुक्यात, नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये सांगितली गेली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेची पाळी येते, तेव्हा ज्ञानदेव आधी खोट्या अहिंसेची झडती घेतात. संदर्भ दुष्काळाचा आहे. पाऊस नाही म्हणून यज्ञ करायचा, आणि यज्ञाच्या मुळाशी पशूचा बळी. हिंसा करून अहिंसा निपजवण्याचा हा पूर्वमीमांसेचा, म्हणजे यज्ञविधींच्या शास्त्राचा, निर्णय त्यांना कसा वाटतो? फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालावे, हात तोडून शिजवावा आणि भूक भागवावी, देऊळ मोडून देवाला आवार बांधावे, तसा. पुढे वैद्यकही सुटत नाही. एका जिवासाठी दुसऱ्याची मुळे खणली, साल सोलली, ज्यांचे कोणाशी वैर नाही अशा झाडांचा रस काढून त्यांना कोरडे केले, असा आरोप ते ठेवतात.

झाडाला दुःख होते हे गृहीत त्याआधीचे आहे. मनुस्मृती वनस्पतींना आतून जाणीव असलेल्या मानते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतात की झाडे पाहतात, ऐकतात, वासही घेतात. जैन विचारात ती एकेंद्रिय जीव आहेत. पण याच परंपरेत झाडावर शस्त्र चालवणारेही आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. त्यात रोगट झाडाचा पहिला उपचार शस्त्राने शुद्धी हाच, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप. म्हणजे वाद शस्त्राचा नाही, ते कोणत्या फांदीवर आणि कोणासाठी चालते याचा आहे.

इथे ज्ञानदेवांची कसोटी कामाला येते. त्यांच्या दृष्टान्तातला दोष असा की ज्याचे रक्षण करायचे त्याचाच त्या कृतीत घात होतो. शेवगावचा हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि एप्रिल-मे चाळीस अंशांपुढे. अशा ठिकाणी कडुनिंब, बाभूळ, हिवर, बोर उरलेले आठ महिने खोल गेलेल्या मुळांवर आणि खोडा-फांद्यांत साठवलेल्या अन्नावर काढतात. हिरवी फांदी तोडली की साठा जातो, अन्न करणारी पानेही जातात. वर उन्हाळ्यात सावली उडालेल्या खोडाची साल उन्हाने भाजते, तडकते, आणि तिथून कीड शिरते. विजेच्या तारांखालचे झाड वळवाच्या आधी शेंड्यापासून सपाट छाटतात. ते जोमाने फुटते म्हणून लोकांना बरे वाटते, पण ती फूट खोडात न रुजता सालीलगतच चिकटलेली असते आणि पुढच्या वादळात आधी तीच मोडते. काप जितका मोठा, तितकी आत कूज.

वाळलेल्या फांदीची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड रोगट भागाभोवती भिंती घालून त्याला वेगळे पाडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो, तिथे ही भिंत उभी राहते. म्हणून करवत कंगोऱ्याच्या बाहेरून चालवायची. खोडाला घासून केलेला काप ती भिंतच कापतो, आणि लांब खुंट सोडला तर तो कुजत राहतो. डांबर किंवा रंग फासून कूज थांबत नाही, हेही त्यांच्या पाहणीत दिसले. तेव्हा वराहमिहिराचे शस्त्र टिकते, लेप टिकत नाही. ज्या फांदीला झाडाने स्वतःच अंगाबाहेर टाकले, ती काढण्यात घात नाही.

भक्तीची बाजू मात्र या कसोटीवर लंगडी पडते. वटपौर्णिमेला घरच्या पूजेसाठी वडाच्या डहाळ्या तोडून आणणे हा देऊळ मोडून आवार बांधण्याचाच प्रकार. वड-पिंपळाला बांधलेला सिमेंटचा पार खोडापर्यंत भिडला की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. खोडालगतचा दिवा साल जाळतो. त्यापेक्षा आळे खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली करावे, पाणी रोज शिंपडण्याऐवजी आठ-दहा दिवसांनी खोल मुरेल असे द्यावे, वर पाचटाचे आच्छादन घालावे. कोवळ्या रोपाला शेळ्यांपासून वाचवायला बाभळीच्या काट्यांचे कुंपण लागते, आणि ज्ञानदेवांचा दृष्टान्त इथे अक्षरशः उभा राहतो. फरक एवढाच की फांद्या दुसऱ्या झाडाच्या असतात. म्हणजे वैद्यकावरचा आरोप तसाच उरतो, आणि तो पूर्ण फेटाळता येत नाही. बाभूळ पुन्हा फुटते, हे त्यावरचे अर्धेच उत्तर.

ही अर्धी उत्तरे व्यवहारात फार आहेत. डाळिंबाच्या बागेला बहार धरण्यासाठी मुद्दाम पाणी तोडून ताण देतात, पानगळ करतात. ते झाडासाठी नाही, फळासाठी आहे, आणि त्याला सेवा म्हणणे ढोंग ठरेल. राजस्थानात शमीसाठी, म्हणजे तिथल्या खेजडीसाठी, १७३० मध्ये खेजडली गावात ३६३ बिश्नोई पंथीयांनी झाडतोड अडवताना प्राण दिले. त्याच राजस्थानात शेतकरी दर हिवाळ्यात खेजडी चाऱ्यासाठी छाटतो, आणि ती जगते, कारण छाटणी थंडीत होते आणि मूळ खूप खोल असते. दसऱ्याला पूजली जाणारी शमी तीच. पण वर्षाआड दुष्काळ आणि आटत्या विहिरी असतील, तिथे तीही दरसालची छाटणी निमूट सोसेल असे धरून चालत नाही.

वाळलेल्या फांदीलाही एक अपवाद आहे. रस्त्यावर, घरावर किंवा गोठ्यावर ती लोंबत असेल तर काढावीच. पण बांधावरच्या जुन्या चिंचेच्या वाळलेल्या फांदीत ढोली असेल, तीत पिंगळा किंवा पोपट राहत असतील, तर झाडाचा त्या फांदीशी संबंध संपला तरी दुसऱ्या जिवांचा संपलेला नसतो. तिथे करवतीआधी ढोली तपासावी, आणि पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत फांदी ठेवावी.