अंधारात उतरणारा कार्बन

निवांत बसा. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या. आता मनाने कोकण किनारा मागे टाका आणि अरबी समुद्राच्या भर पाण्यात या. दिवस मावळतो आहे.

कार्बनच्या एकाच अणूकडे लक्ष द्या. कोट्यवधी वर्षे तो कोळशात निजलेला होता. आपण कोळसा जाळला, तो हवेत आला. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. हा अणूही पाण्यात विरघळला. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकाने उन्हाच्या बळावर त्याचे अन्न केले. ते अन्न तांदळाच्या कणीएवढ्या कोपेपॉड नावाच्या जीवाने खाल्ले.

आता हळूहळू खाली उतरा. दोन-तीनशे मीटरवर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथे बोटभर लांबीच्या लँटर्नफिशचे थवे दिवसभर दडलेले असतात. त्यांच्या पोटावर प्रकाशाचे ठिपके आहेत. उजेड ओसरला की ते वर निघतात. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर असा जिवंत थर दिसला, तेव्हा तो समुद्राचा तळच वाटावा इतका दाट होता.

रात्रभर ते वर चरतात. आपला अणू कोपेपॉडसह एका माशाच्या पोटात जातो. पहाटे, कुणाच्या नजरेस पडण्याआधी, मासा पुन्हा खोल उतरतो. तिथे तो श्वास सोडतो आणि अणू काळोख्या पाण्यात मिसळतो. विष्ठेतून गेलेला कार्बन आणखी खाली बुडतो. जितके खोल, तितका हवेपासूनचा विरह लांब: वर्षे, दशके, फार खोल गेल्यास शतके.

इथे थांबा. काही क्षण याच जागी राहा.

या माशाला हवामान ठाऊक नाही. त्याला भूक आहे आणि शिकाऱ्याची भीती आहे. त्या भुकेने तो वर येतो, त्या भीतीने खाली जातो, आणि जगभरच्या समुद्रांत असे असंख्य जीव रोज पहाटे कार्बन खाली नेतात. आपल्या डोक्यावरची हवा त्यांच्या या येरझाऱ्यांचीही ऋणी आहे.

फिशमीलसाठी, म्हणजे माशांच्या भुकटीच्या खाद्यासाठी, माणसाची नजर आता या थव्यांवर आहे. जाळे टाकायचे की नाही, हे आपण ठरवणार. ठरवताना त्यांच्या वजनासोबत त्यांचे कामही मोजले जावे, असा आग्रह मनात पक्का करा. मग डोळे उघडा.