थेंब किती दाट?

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि त्याच तारखेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांचा विखंडनावरचा लेख छापून आला. या योगायोगाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, लेखात काय आहे याबद्दल कमी. अणुकेंद्रकाला द्रवाच्या थेंबासारखे मानून लिझा माइट्नर आणि ऑटो फ्रिश यांनी विखंडनाचा अर्थ आधीच लावला होता. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो, प्रोटॉनांचे आपसातले अपकर्षण त्याला लांबवते, आणि या ओढाताणीत युरेनियमपुढे सुमारे 60 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट उंचीची ऊर्जेची एक टेकडी उभी राहते. टेकडीच्या माथ्यावर किती अवस्था खुल्या आहेत ते मोजायचे आणि त्यावरून विखंडनाचा दर काढायचा, ही बोर-व्हीलरांची रीत. माथा ओलांडला की हिशेब संपला.

बोर यांचेच एकेकाळचे सहायक हेन्ड्रिक क्रामर्स यांना तेवढ्याने भागले नाही. 1940 साली त्यांनी विचारले, की थेंब चिकट असेल तर? पाणी उतारावरून जसे धावते तशी काकवी धावत नाही. आत घर्षण असेल, आणि घर्षणासोबत येणारे यादृच्छिक धक्के, तर केंद्रक माथ्यावर रेंगाळेल, कधी मागेही फिरेल, आणि दर घटेल. या घटलेल्या दराचे क्रामर्सचे समीकरण रसायनशास्त्रज्ञांनी डोक्यावर घेतले. केंद्रकवाल्यांनी मात्र ते चाळीसेक वर्षे बाजूलाच ठेवले. माझ्या मते याचे कारण दुर्लक्षापेक्षा समाधानात आहे: जुने सूत्र पुरेसे बरे उत्तर देत होते.

ते समाधान मोडले न्यूट्रॉनांनी. 1980 च्या दशकात जड आयनांच्या टकरींतून तयार झालेली तापलेली केंद्रके तुटण्याआधी अपेक्षेपेक्षा जास्त न्यूट्रॉन सोडतात असे दिसले. म्हणजे तेवढे सोडायला त्यांना सवड मिळत होती. न्यूट्रॉनांची संख्या हेच इथले घड्याळ.

तुटताना कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न वेगळा. युरेनियम-235 मंद न्यूट्रॉनने फुटते तेव्हा तुकडे बहुधा असमान निघतात, एकाचा वस्तुमानांक 95 च्या आसपास, दुसऱ्याचा 140 च्या. साध्या थेंबाला हे जमत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रुटिन्स्कींनी 1967 मध्ये केंद्रकातल्या ऊर्जापातळ्यांच्या कवचांची दुरुस्ती जोडली. आपल्या तुर्भ्यातल्या अणुसंशोधन केंद्रात राजा रामण्णा आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात आणखी एक वाट धरली होती: दोन होऊ घातलेल्या तुकड्यांमध्ये न्यूक्लिऑनांची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांची, यादृच्छिक देवाणघेवाण चालते आणि वाटणी त्यातून ठरते. तुटण्याच्या घटनेत यदृच्छेला मानाचे स्थान देणारी ही कल्पना मला क्रामर्सच्या कुळातली वाटते.

2016 मध्ये ऑरेल बुल्गाक आणि सहकाऱ्यांनी प्लुटोनियम-240 चे विखंडन महासंगणकावर क्षणाक्षणाने चालवले. घर्षण वरून घातलेले नव्हते, तरी माथ्यापासून तुटेपर्यंतचा प्रवास अपेक्षेपेक्षा कितीतरी संथ निघाला. क्रामर्सचा चिकटपणा न्यूक्लिऑनांच्या हालचालींतूनच वर आला. पण अशा गणितात एका सुरुवातीतून तुकड्यांची एकच जोडी निघते, प्रयोगशाळेत शेकडो प्रकारच्या. तो विस्तार हवा असेल तर अजूनही यादृच्छिक धक्के हाताने घालावे लागतात, आणि ते नेमके किती जोराचे, यावर वाद चालू आहे.